पेटीला तेज सोसेना

सन एकोणीसशे शहाण्णव. मी बावन्न वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी आमच्या गुरुजींनी काशीहून गंगेपलीकडे, रामनगरच्या बाजूला असलेल्या आपल्या कारखान्यात एक हात आणून बसवला. लोखंडाचा. एकच.

आधीच सांगतो, मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस आहे. माझं मराठी बालाजी घाटाच्या गल्लीतलं, अर्धं आईकडून आलेलं, अर्धं घाटावरच्या नावाड्यांकडून, मल्लाहांकडून. पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला शाळा लागत नाही. ज्याला लागते असं वाटत असेल त्याने दुसरं काही वाचावं.

गुरुजी हे कुणाचेच गुरू नव्हते. रामघाटावरच्या वैदिकांच्या घरातला धाकटा मुलगा. वेद अर्धा टाकला आणि गडूचा कारखाना काढला. गडू म्हणजे गंगेचा गडू. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेला माणूस तांब्याचा तोंड बंद केलेला लहानसा गडू घरी नेतो, देव्हाऱ्यात ठेवतो, आणि घरातलं कुणी जायला निघालं की तो फोडून दोन थेंब तोंडात घालतात. ते दोन थेंब आमच्या शेडमधून जायचे. इतक्या लोकांना शेवटचं पाणी पाजलं म्हणून गुरुजींची चालही तशी झाली होती, यमाच्या ओळखीतल्या माणसासारखी.

उंचीने बेताचे, पोटाने भरपूर. कारखान्यातसुद्धा सोवळ्यात यायचे. अंगावर रेशमी मुकटा, पायात लाकडी खडावा. पोटामुळे मुकटा कमरेवर टिकायचा नाही, म्हणून एक हात कायम निऱ्यांवर. तो उजवा. पत्र घ्यायचं, दार लोटायचं, माशी हाकलायची, ते सगळं डाव्याने. ही गोष्ट ध्यानात ठेवा. त्यांच्या स्वतःच्या ध्यानात ती कधी आली नाही.

त्यांचं एकच वाक्य होतं. "हात कुणाचा?"

चहा आणला, "हात कुणाचा?" फुलं आणली, "हात कुणाचा?" एकदा शेडच्या छपरावरून माकडाने केळ्याची साल टाकली, तर त्यांनी वर बघून तेच विचारलं असतं, पण तेवढ्यात ती डोक्यावर पडली.

मात्र सकाळी नावेत बसण्याआधी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ते कचौडी आणि जिलबी खायचे, आणि तिथे हा प्रश्न निघायचा नाही. मी एकदा विचारलं, "गुरुजी, त्या हलवायाचा हात?"

"तुपात तळलेल्याला दोष नसतो रे."

"आणि पान?"

"पान काय आपण गिळतो? थुंकतो."

शास्त्र त्यांना पाठ होतं. जिथे भूक लागायची तिथून पुढची पानं तेवढी गाळलेली होती.

मला ते डावऱ्या म्हणत. मी डावखुरा आहे. शाळेत मास्तरांनी माझा डावा हात गमछ्याने पाठीशी बांधला आणि उजव्याने अक्षर काढ म्हणाले. मी म्हटलं, काढणार नाही. ते म्हणाले, मग सोडणारही नाही. मधल्या सुट्टीत तसाच बांधलेला हात घेऊन घरी आलो, तो परत गेलोच नाही. गमछा अजून आहे माझ्याकडे. गुरुजींनीही कामावर घेताना अट घातली, गडूला हात लावायचा तो उजवा. मी म्हटलं, तर मग मी गडूला हात लावतच नाही. तेव्हापासून मी बाहेरच्या व्हरांड्यात हवा भरायच्या कंप्रेसरवर. माझ्यामागून आलेली माणसं आत मुकादम झाली. मी व्हरांड्यातच. झुकलो नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही.

आता यंत्र का आलं ते. गुरुजींचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, रामघाटावर वेद शिकवायचे. बारीक, ताठ, कमी बोलणारे. कारखाना निघाला तेव्हापासून दादांनी धाकट्याच्या घरचं पाणी सोडलं होतं. सण असो, श्राद्ध असो, दादा यायचे नाहीत. गुरुजी आम्हाला सांगायचे, "दादा म्हणतात, कुणाकुणाच्या हातचं पाणी, ते नको." हे सांगताना त्यांचा आवाज एवढासा व्हायचा. बाकी वेळी त्यांचा आवाज पलीकडच्या घाटावर ऐकू जाई.

म्हणून त्यांनी ठरवलं की कुणाचाच हात नको. गडू रिकामा असल्यापासून तोंड बंद होईपर्यंत माणसाचं बोट लागायचं नाही. तसा गडू दादांच्या हातात द्यायचा, आणि दादांनी तो घ्यायचा. बस. कारखान्याचा नफा, नाव, सगळं त्यानंतर.

पुण्याहून यंत्र आलं आणि त्यासोबत एक तरुण इंजिनिअर. त्याने खोक्यातून हात काढला, खांबावर बसवला. हाताच्या टोकाला दोन बोटांचा पंजा. पंजा उघडतो-मिटतो तो माझ्या कंप्रेसरच्या हवेवर. बाजूला एक राखी रंगाची पेटी, तिला तो कंट्रोलर म्हणे. पेटीवर बारीक दिव्यांची ओळ. एक दिवा लागला तर पट्ट्यावर गडू आला. दुसरा लागला तर गडू पंज्यात बसला. तिसरा लागला तर गडू भरला. ज्याच्या त्याच्या जागी ते बघायला एकेक सेन्सर लावलेला, सुपारीएवढा.

"पेटीला स्वतःला काही दिसत नाही," तो मला म्हणाला, कारण गुरुजी तेव्हा जेवायला गेले होते. "हे सेन्सर तिला सांगतात. सांगितलं तेवढंच खरं मानते."

"आमच्या मालकांसारखी," मी म्हटलं.

मग त्याने हाताला शिकवलं. वायरला लटकलेला बटणांचा एक डबा असतो. बटण दाबून हात थोडा पुढे न्यायचा, थोडा खाली, पंजा मिटायचा, आणि मग 'लक्षात ठेव'चं बटण. पुढची जागा, पुन्हा लक्षात ठेव. एकदा सांगितलं की झालं. मार नाही, गमछा नाही. मी बघत उभा राहिलो. असं कुणी शिकवलं असतं तर मी चौथीतही गेलो असतो.

पहिल्या दिवशी पंज्याने गडू असा आवळला की त्याचं पोट खपाटीला गेलं. हवा जास्त होती. मी व्हरांड्यातून चावी थोडी फिरवली. दुसरा गडू अलगद उचलला, तोटीखाली नेला, भरला, झाकणाच्या प्रेसखाली ठेवला, प्रेसने कड मुडपली, गडू बंद. इंजिनिअरने टाळी वाजवली.

गुरुजी जेवून आले. खडावा वाजवत यंत्राला फेरी घातली. मग थांबून म्हणाले, "हा हात उजवा की डावा?"

इंजिनिअर हसला. गुरुजी हसले नाहीत.

"साहेब, तसं काही नसतं. एकच आहे."

"जगात हात एक तर उजवा असतो, नाही तर डावा. डोकं कुठाय याचं?"

त्याने पेटीकडे बोट दाखवलं. गुरुजी पेटीच्या मागे जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, जणू पेटी म्हणजे तेच. हाताचा खांब त्यांच्या डाव्या अंगाला आला. त्यांचा चेहरा पडला.

"डावा! दादांना मी डाव्या हातची गंगा देऊ?"

"साहेब, पेटी कुठेही ठेवा, हात तोच राहतो."

"तर मग ठेव पलीकडे."

त्याला पेटी खांबाच्या पलीकडे हलवावी लागली. वायरी पुरेनात, त्या जोडून लांबवल्या. जोडताना दोन सेन्सरच्या वायरी उलटसुलट गेल्या, आणि पेटीला वाटू लागलं की गडू पंज्यात बसलाच आहे. दिवसभर हात रिकामाच पुढे यायचा, काहीच नसलेलं उचलायचा, ते भरायचा आणि बंद करायचा. मोठ्या भक्तिभावाने. गुरुजी म्हणाले, "हात उजवा झाल्यावर बघ कसा डौल आला."

मी व्हरांड्यात हसून घेतलं. पेटी सरकवली की हात उजवा होतो, हे मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मीही डोकं थोडं सरकवून पाहिलं असतं.

वायरी सरळ झाल्या. काम नीट चालू लागलं. तोवर फाल्गुन लागला होता आणि पछुवा वाहू लागली होती. आमच्याकडची ती पश्चिमेची कोरडी हवा, ओठ फाटतात, कपडे दोरीवर टाकेपर्यंत वाळतात. आणि गुरुजींना नवा प्रश्न पडला. गडूला हात लागत नाही, ठीक. पण बटणाला?

"सुरू करणारा हात सोवळ्यातला हवा," ते म्हणाले. "म्हणजे माझा."

यंत्राभोवती काच होती. काचेच्या आत सगळ्यांना बंदी झाली. इंजिनिअर बाहेर, मी बाहेर. गुरुजी मुकटा नेसून, खडावा घालून, खाली लाकडी पाट टाकून पेटीसमोर उभे राहिले. मंत्र म्हटला. बोट पुढे केलं. बोट आणि बटण यांच्यात टिक्‌ करून एक ठिणगी उडाली, पेटीचे सगळे दिवे एकदम लागले, विझले, आणि एकच लाल दिवा उरला. हात होता तिथे थिजला.

इंजिनिअरने सगळं पुन्हा लावून दिलं. गुरुजींनी पुन्हा बोट लावलं. टिक्‌. लाल.

ज्याने माघ-फाल्गुनात मुकटा नेसला असेल त्याला ठाऊक आहे, सोडताना तो कसा चरचरतो, अंगावरचे केस कसे उभे राहतात. इंजिनिअरने तेच सांगितलं. "साहेब, रेशीम अंगावर घासतं, खाली लाकूड, हवा कोरडी. तुमच्या अंगात वीज साठते, थोडीशीच. तुम्ही पेटीला बोट लावलंत की ती आत उतरते आणि पेटी गोंधळते. सुती नेसा. अनवाणी या. आणि आधी या जमिनीत पुरलेल्या सळईला हात लावा."

गुरुजींनी सगळं ऐकलं, पण कानात शिरलं ते एकच. "माझ्या अंगात वीज आहे?"

"थोडीशी."

"म्हणजे तेज आहे." ते आमच्याकडे वळले. "वेद अर्धा टाकला तरी तेज गेलेलं नाही. पेटीला सोसत नाही."

त्या दिवसापासून गुरुजींची चाल आणखी जड झाली. कुणी भेटलं की सांगायचे, पुण्याच्या इंजिनिअरने सिद्ध करून दिलं. मी मात्र कंप्रेसरच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायांनी, बंदी मोडून आत जाऊन, इंजिनिअरने सांगितलं म्हणून, डाव्या हाताने बटण दाबलं तर हात सुरळीत चालू लागला.

"बघ," गुरुजी म्हणाले, "तुझ्यात तेजच नाही."

"म्हणून चालतंय, गुरुजी."

तोड निघाली ती अशी, की पेटीला तेज सोसायची ताकद यावी म्हणून तिची शांत करायची. शांत झाली. पेटीवर अक्षता पडल्या. इंजिनिअरने हात जोडून एवढंच मागितलं की पाणी शिंपडू नका. मग तो पुण्याला निघून गेला. जाताना माझ्या कानात म्हणाला, "काका, सुती नेसायला सांगा."

मी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "सोवळं सोडून मी गंगेला हात घालू? दादांसमोर?"

दादा पाडव्याला येणार होते. साडेतीन मुहूर्तातला एक, शिवाय गुरुजींनी त्यांना निरोप धाडला होता की या गडूला माणसाचा हात लागलेला नाही, एकदा येऊन पाहा. दादा हो म्हणाले. गुरुजी पाडव्याच्या आदल्या रात्री झोपले नसावेत, कारण सकाळी त्यांनी कचौडी खाल्ली नाही. मी त्यांच्यासोबत नावेत होतो. अर्धी गंगा ओलांडली आणि ते एकदम म्हणाले, "डावऱ्या, घेतील ना रे?"

त्या माणसाशी मी आयुष्यभर भांडलो होतो. पण तेव्हा मलाही वाटलं, घ्यावा बाबा त्यांनी.

शेडवर गुढी उभी केली होती. तिच्या टोकाला उपडा घातलेला तांब्या नव्हता, आमच्याच कारखान्यातला मोठा गडू होता. पछुवा सुटली होती, गुढीचं वस्त्र फडफडत होतं. दादा आले, काचेच्या आत पाटावर बसले. इकडे तिकडे पाहिलं. मी काचेबाहेर कंप्रेसरपाशी.

गुरुजींनी संकल्प सोडला. दुरून, दर्भाच्या काडीने त्यांनी बटण दाबलं. ही युक्ती त्यांना रात्री सुचली असावी. आणि यंत्र चाललं! पट्ट्यावरून गडू आला, दिवा लागला, पंज्याने उचलला, तोटीखाली नेला, गडू भरला. गुरुजींनी भावाकडे पाहिलं. माणूस आनंदात काय करतो? पुढे सरकले आणि मोठ्या प्रेमाने पेटीच्या पाठीवर हात ठेवला.

टिक्‌.

लाल दिवा. हात तोटी आणि प्रेस यांच्या मधोमध थांबला. पंज्यात भरलेला गडू, तोंड उघडं, हवेत.

"काय झालं?" दादा म्हणाले.

"तेज."

"कुणाचं?"

"माझं."

दादांनी धाकट्या भावाला वरपासून खडावांपर्यंत पाहिलं. "तुझं?"

गुरुजींनी काडीने बटण दाबून पाहिलं, काडी मोडली. बोट लावलं, पुन्हा टिक्‌. गडू हाताने काढावा तर सगळा खटाटोप फुकट. शेवटी त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, आणि मी दारापर्यंत गेलो. पाय ओले होते, कंप्रेसरचं पाणी नेहमीच सांडलेलं असतं.

"ये आत," ते म्हणाले. आणि मग हळूच, "उजव्या हाताने दाब."

"मी डाव्याने दाबतो."

"आजचा दिवस."

"तिसरीपासून रोजच आजचा दिवस असतो, गुरुजी."

"डावऱ्या, हात जोडतो तुला."

"जोडा. मुकटा सुटेल."

दादा पाटावरून म्हणाले, "गंगा अधांतरी लटकली आहे, आणि तुम्ही हातावरून भांडताय?" मग माझ्याकडे वळून, "दाब रे बाबा. कोणत्याही हाताने."

मी डाव्याने दाबलं. लाल गेला, हिरवे आले. हात हलला, गडू प्रेसखाली ठेवला, झाकण बसलं, कड मुडपली. गडू पुढे सरकून दादांसमोरच्या चौरंगाशी येऊन थांबला. गुरुजींनी बोटाने तेवढं दाखवलं, घ्या.

दादांनी हात पुढे केला नाही.

"बटणाला याचा हात लागला म्हणून?" गुरुजींचा आवाज तोच, एवढासा. "डावा म्हणून?"

"माझ्या घरी रोज गंगा आणणारा मल्लाह कोणत्या हाताने भरतो, मी कधी पाहिलं नाही," दादा म्हणाले. "मी हाताचं केव्हा बोललो? मी म्हटलं होतं, गंगा विकू नकोस. एवढंच म्हटलं होतं. हातांचं सगळं तूच काढलंस."

मी काचेला टेकलो. इतकी वर्षं, ते खोके, त्या वायरी, ती पेटी इकडून तिकडे. अन् प्रश्न भलताच होता. विकू नको याला उत्तर नव्हतं त्यांच्यापाशी. कारखाना कोण बंद करतो? म्हणून ज्याला उत्तर सापडेल असा प्रश्न त्यांनी स्वतःच मनात तयार करून घेतला, आणि त्यासाठी पुण्याहून हात मागवला.

"मग घेणार नाही?" गुरुजी म्हणाले.

"विकतचा घेत नाही. दिलास तर घेईन."

"दिला. तो काय, समोर आहे."

"हे यंत्राने ठेवलंय. दान हाताने द्यावं लागतं. वेद अर्धा टाकलास, पण एवढं तरी झालं होतं तुझं."

गुरुजींनी गडूकडे पाहिलं. माणसाचा हात लागू नये म्हणून एवढं केलेला गडू. मग ते खडावांतून उतरले. ओल्या फरशीवर अनवाणी दोन पावलं आले, खाली वाकले, आणि वाकताना मुकटा सुटायला लागला. उजवा हात आपोआप निऱ्यांवर गेला. गडू त्यांनी उचलला तो दुसऱ्याने, आणि तसाच भावापुढे धरला. डोळे भरले होते, हात कोणता आहे हे बघायला कुणाला सवड होती? दादांनी दोन्ही हातांनी गडू घेतला, कपाळाला लावला.

"दुपारी जेवायला ये," त्यांनी धाकट्याला सांगितलं. आणि जाता जाता मला म्हणाले, "तूही ये रे."

मी गेलो. आमरस नव्हता, श्रीखंड होतं. मी डाव्या हाताने जेवलो, कुणी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मुकटा नेसून, खडावा वाजवत, कचौडी खाऊन कारखान्यात आले. मला काचेच्या आत बोलावलं, पेटी माझ्या ताब्यात दिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण उजव्या हाताने, डावऱ्या. इथे शिस्त आहे." त्यांचा उजवा निऱ्यांवर होता, डावा माझ्यापुढे नाचत होता. मी पाय ओले करून आलो, आणि डाव्या हाताने बटण दाबलं.